माग काढणारा

अर्नेस्ट हेमिंग्वे हा अमेरिकन कादंबरीकार मराठी वाचकाला खरा कळला तो पु. ल. देशपांड्यांमुळे. ‘द ओल्ड मॅन अँड द सी’चा त्यांनी ‘एका कोळियाने’ या नावानं अनुवाद केला आणि तो समुद्रावरचा म्हातारा आपल्याकडं घरचा झाला. याच हेमिंग्वेनं त्याच्या बरंच आधी, १९३५ साली, शिकारीचं एक पुस्तक लिहिलं होतं. ‘ग्रीन हिल्स ऑफ आफ्रिका’. त्याच्याबद्दल आपल्याकडं फारसं कुणी बोलत नाही. मला ते कोपरगावात एका निवृत्त मास्तरांच्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात सापडलं. कव्हर गेलेलं, मधली पानं वाळवीनं खाल्लेली. इंग्रजी माझं कामापुरतंच. तरी डिक्शनरी शेजारी ठेवून दोन पावसाळ्यांत ते वाचून काढलं, आणि वाचताना आफ्रिकेपेक्षा आमचा येवल्याच्या अंगाचा माळच जास्त आठवत राहिला. का ते सांगतो.

आधी पुस्तकाची हकिकत. १९३३ च्या नोव्हेंबरात हेमिंग्वे बायको पॉलीन आणि मित्र चार्ल्स थॉम्प्सन यांच्यासह बोटीनं मोंबासाला निघाला. खर्च पॉलीनच्या चुलत्याचा, पंचवीस हजार डॉलर. अमेरिकेत तेव्हा महामंदी होती, माणसं भाकरीसाठी रांगा लावत होती, म्हणून पुस्तक आल्यावर काही टीकाकारांनी त्याला चांगलाच धारेवर धरला. शिकारीचा वाटाड्या होता फिलिप पर्सिव्हल. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली आफ्रिकेत शिकारीला गेले, तेव्हाही हा पर्सिव्हल बरोबर होता. म्हणजे माणूस नामांकित. डिसेंबर ते फेब्रुवारी ही मंडळी टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, फिरली. मधेच हेमिंग्वेला आमांशानं इतकं धरलं की विमानानं नैरोबीला हलवावं लागलं. त्या आजारपणातून आणि त्या प्रवासातून पुढं किलिमांजारोची ती प्रसिद्ध कथा निघाली.

सुरुवातीलाच तो सांगून टाकतो की यातलं काहीही, एकही माणूस, कल्पनेतला नाही. जे झालं ते जसंच्या तसं लिहिलं तर ते कल्पनेच्या कादंबरीसमोर टिकतं का, हे मला बघायचं आहे. कादंबरीकारानं स्वतःशीच लावलेली ही पैज. आणि खरं सांगायचं तर बऱ्याच ठिकाणी तो ती जिंकतो. तो सगळा वेळ कुडूच्या मागं आहे. कुडू म्हणजे पीळदार शिंगांचं मोठं हरीण. जनावरं खारट माती चाटायला येतात अशा जागी हा दबा धरून बसलेला, आणि तेवढ्यात एका परक्या माणसाचा खटारा ट्रक आवाज करत जातो. संपली शिकार. पुस्तक सुरूच होतं या पचक्यानं. मित्र दर वेळी याच्यापेक्षा मोठं जनावर मारतो. याचा गेंडा मोठा तर त्याचा आणखी मोठा. अगदी शेवटी याला दोन कुडू मिळतात, हा आनंदात तळावर परततो, तर मित्रानं त्याहून मोठ्या शिंगांचा कुडू मारून ठेवलेला. याचं तोंड कडू होतं आणि ते तो लपवत नाही. एक सेबल नावाचं हरीण याच्या गोळीनं पोटात जखमी होऊन निसटतं, दिवसभर माग काढूनही सापडत नाही. आता रात्री त्याला तरस खाणार, हे जाणून तो स्वतःला टोचून घेतो. हे सगळं गाळलं असतं तर कोण विचारायला येणार होतं? पण त्यानं लिहिलं. शिकाऱ्याच्या गप्पा आम्ही पारावर पुष्कळ ऐकल्यात. त्यांत चुकलेला बार कधी नसतो.

पण वाचता वाचता मी अडलो तो नावांपाशी.

बंदुका वागवणारा त्याचा माणूस मकोला. त्याला निदान नाव आहे. हा मकोला पुस्तकातला मला सगळ्यांत आवडलेला इसम. साहेबाची बायको सिंहावर गोळी झाडते, सिंह खरा मरतो नवऱ्याच्या गोळीनं, पण मकोला तळावर वर्दी देतो ती बाईनं सिंह मारला म्हणून, आणि बाईला खांद्यावर घेऊन नाच होतो. खरं काय ते मकोलाला ठाऊक होतं की नव्हतं, हे हेमिंग्वेलाही नीटसं उमगत नाही. बाकीचे मात्र नुसते टोपणनावांचे. एकाच्या पापण्या डोळ्यांवर उतरलेल्या, म्हणून तो ‘ड्रूपी’. आपल्या भाषेत पेंगुळडोळ्या. एक जण हातवारे फार करतो, म्हणून त्याला लंडनच्या जुन्या नटाचं नाव, ‘गॅरिक’. एकाचा चेहरा जुन्या रोमन लोकांसारखा वाटला म्हणून तो ‘रोमन’. माग काढला या माणसांनी, जनावर दाखवलं यांनी, रक्ताचा थेंब गवताच्या पात्यावर ओळखला यांनी. नाव मात्र त्यांना साहेबाच्या लहरीनं मिळालं. गोऱ्यांनाही त्यानं टोपणनावं दिलीत, वाटाड्याला ‘पॉप’, बायकोला एक थट्टेचं नाव. पण त्यांची खरी नावं जगाला माहीत आहेत. पेंगुळडोळ्याचं खरं नाव त्या पुस्तकात तरी मिळत नाही.

आता माझ्या माळावर येतो.

कोपरगावचा इतिहास म्हटलं की लोक राघोबादादांचा वाडा दाखवतात. सालबाईच्या तहानंतर दादा इथं येऊन राहिले आणि १७८३ साली इथंच वारले. बेटातली देवळं दाखवतात, गोदावरीचा घाट दाखवतात. त्यानंतरचा इतिहास म्हणजे पाटपाण्याचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नांदूर मधमेश्वरला बंधारा झाला, वर दारणा धरण झालं, गोदावरीचे डावे-उजवे कालवे आले आणि त्यांच्यामागून ऊस. मग सहकारी कारखाने. हे सगळं पुस्तकांत आहे. पण कालव्याचं पाणी पोचलं नाही तिथं, तालुक्याच्या उत्तरेला, येवल्याकडं तोंड करून जो माळ पसरलाय, त्याचा इतिहास कुणी लिहिलेला मी पाहिला नाही. तिथं कुसळी गवत, हिवराची झाडं, मुरूम, आणि माझ्या लहानपणी काळवीट. आठ-दहाचा कळप सहज दिसायचा. माद्या आणि पाडसं भुरी, नर मात्र वरून काळाकुळकुळीत, पोटाकडून पांढरा, शिंगं स्क्रूसारखी वळलेली. लांडगे होते, खोकड होती, तितर-लावे तर पायाखाली यायचे.

आणि शिकारी यायचे. साठच्या दशकाची अखेर, मी आठ-नऊ वर्षांचा. थंडीत, ज्वारी पोटरीला आली की आजोबांचे ओळखीचे पाव्हणे जीप घेऊन यायचे. कुणी साहेब, कुणी कंत्राटदार, एक डॉक्टरही असायचे. बारा बोअरची बंदूक, एखाद्याकडं रायफल. आमच्या घरी पहाटे तीनला चहा व्हायचा. आणि ओट्याच्या खाली, अंधारात, पारधी येऊन बसलेला असायचा. त्याला वर कुणी बोलावत नसे. चहा त्याला त्याच्याच ॲल्युमिनियमच्या भांड्यात वरून ओतायचे. गावात सगळे त्याला नुसतं पारधी म्हणत. “ए पारध्या, चल.” आजोबाही तसंच म्हणत. त्याची झोपडी गावाबाहेर, पाझर तलावाच्या पलीकडं. पावसाळ्यात कुठंतरी जायचा, दिवाळीला परत यायचा.

दोनदा मला जीपमध्ये मागं बसू दिलं होतं. एकदाचं पक्कं आठवतंय. उजाडायला लागलेलं. पारधी जीपच्या पुढं चालत होता, मधेच उकिडवा बसला आणि हात वर केला. साहेब उतरले. त्यानं बोट दाखवलं, “मालक, ह्यो रातचा न्हाई. दव पडल्यावरचा हाये. बघा, बाहीर दव हाये, खुराच्या आत न्हाई.” मग थोडं पुढं जाऊन लेंडी उचलली, बोटांत दाबली. “एक चिलीम ओढून व्हईल, इतकाच येळ झालाय. नर येकलाच हाये, कळपातनं हाकललेला.” हे कशावरून, असं साहेबांनी विचारलंच नाही. ते रायफलीत काडतूस घालत होते. मला ते विचारायचं होतं. आजोबांच्या डोळ्यांकडं बघून मी गप्प बसलो.

फासेपारध्यांची स्वतःची शिकार निराळी. तितरांसाठी घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फासे, सशाला वाघूर, आणि हरणांसाठी शिकवलेली गाय. गाय चरत चरत पुढं सरकते, माणूस तिच्याआड वाकून चालतो, हरणाला गायीची भीती नसते. यात बंदूक नाही, जीप नाही, आवाज नाही. एवढी कला ज्याच्या हातात, त्याला आम्ही जीपच्या पुढं पळवत होतो.

तो काळवीट पडला. रायफलीचा बार, आणि मग इतकी शांतता की जीपचं इंजिन निवताना टकटक वाजतं तेसुद्धा ऐकू यावं. साहेबांकडं कॅमेरा होता. फोटोसाठी जनावराचं मुंडकं सरळ राहावं लागतं, ते आपोआप राहत नाही. म्हणून पारधी काळवीटाच्या मागं आडवा झाला आणि त्यानं खालून शिंगं धरून ठेवली. तो फोटो पुढं आमच्या घरात बरीच वर्षं होता. साहेब, आजोबा, डॉक्टर, आणि शिंगांच्या बुडाला चार बोटं. पारध्याला वाटणीला आतडी, एक पुढचा पाय आणि दोन रुपये मिळाले. त्या वेळी ती बरी वाटणी समजत.

त्याच्या जमातीवर सरकारी शिक्का होता, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढं त्याच्या याद्यांत पारधीही आले. जन्माला येतानाच गुन्हेगार. हजेरी लावायची, गाव सोडताना विचारायचं. देश स्वतंत्र झाल्यावर १९५२ साली तो कायदा देशभरातून गेला आणि कागदोपत्री ते ‘विमुक्त’ झाले. कागदोपत्री म्हणतो, कारण आमच्याकडं कुठं कोंबडी चोरीला गेली तरी पहिली झडती पारध्याच्याच पालाची, हे मी सत्तरच्या दशकातही बघितलंय.

मग १९७२ चा वन्यजीव कायदा आला. काळवीट पहिल्या अनुसूचीत गेलं. कायदा हवाच होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तो नसता तर आज नगर जिल्ह्यात काळवीट फक्त दिवाणखान्याच्या भिंतीवर दिसलं असतं. १९७९ ला माळढोकासाठी अभयारण्य झालं, १९८० ला कर्जत तालुक्यात रेहेकुरी, अवघं सव्वादोन चौरस किलोमीटरांचं, पण काळवीट तिथं टिकलं. आमच्या शेजारी येवला तालुक्यात ममदापूरला काळवीटांसाठी संवर्धन राखीव क्षेत्र आहे. आमच्या माळावर कधी एखादा नर चुकून दिसला तर तो तिकडचाच, असं आम्ही समजतो. १९९१ च्या दुरुस्तीनंतर तर शिकारीचा परवाना हा प्रकारच संपला.

पण कायदा आला तेव्हा साहेबांनी रायफल कपाटात ठेवली, झालं. त्यांचं पोट तिच्यावर नव्हतं. पारध्याचं होतं. पुढं दोन-तीन वर्षांत तो तितरं विकताना बाजारात धरला गेला. आठ तितरं. किती दिवस आत होता नक्की आठवत नाही, पण बायको आमच्या वाड्यात येऊन आजोबांच्या पायाशी बसली होती, ते आठवतं. आजोबांनी कुणाला तरी चिठ्ठी दिली. चिठ्ठीचं पुढं काय झालं, घरात कुणी बोललं नाही. त्या दिवाळीला पाल परत आलं नाही.

आता माडगूळकरांकडं येतो, कारण हेमिंग्वेचं पुस्तक मिटल्यावर मी त्यांच्याकडंच वळलो. व्यंकटेश माडगूळकर १९२७ साली माडगूळला जन्मले, आताचा सांगली जिल्हा. दुष्काळी माणदेश, आमच्या उत्तरेच्या माळासारखाच. ‘बनगरवाडी’मुळे ते कादंबरीकार म्हणून सगळ्यांना माहीत, पुणे आकाशवाणीवर गावकऱ्यांच्या कार्यक्रमांसाठी त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, तो आवाज आमच्या वाड्यातल्या रेडिओवर रोज संध्याकाळी वाजायचा. आणि ते शिकारी होते. बंदूक घेऊन रानं तुडवलेला माणूस. पुढं ती त्यांनी खाली ठेवली आणि वही-पेन्सिल घेऊन जंगलात जायला लागले. भंडाऱ्याकडच्या नागझिऱ्याच्या जंगलात जाऊन राहिले आणि त्यावर ‘नागझिरा’ लिहिलं. त्यात मारलेलं जनावर नाही. पाणवठ्यावर तासन्‌तास बसणं आहे, वाट बघणं आहे.

शिकारी निसर्गप्रेमी झाला, यात तसं नवल नाही. जिम कॉर्बेटचं तेच झालं. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली निघाली, तिच्यात पहिल्यापासून शिकाऱ्यांचा भरणा होता. बंदूक धरणाऱ्याला जनावर जवळून बघावं लागतं आणि बघता बघता काहींचं मन फिरतं. मला माडगूळकरांचं वेगळेपण दुसरीकडंच दिसतं. जंगलात जायच्या कितीतरी आधी, १९४९ साली, बावीस वर्षांच्या या पोरानं ‘माणदेशी माणसं’ लिहिलं. त्यातले लेख उघडून बघा. ‘धर्मा रामोशी’. ‘रामा मैलकुली’. ‘मुलाण्याचा बकस’. ‘झेल्या’. शीर्षक म्हणजे माणसाचं नाव. रामोशी हीसुद्धा पारध्यांसारखीच, इंग्रजांच्या डायरीत चोर म्हणून नोंदलेली जात. त्यातला एक धर्मा त्यांनी नावानिशी उभा केला. ज्याचं नाव गावात पुकारलं जातं ते फक्त शिव्या घालताना, त्याचं नाव पानाच्या डोक्यावर छापलं. पुढं ‘सत्तांतर’मध्ये त्यांनी वानरांच्या टोळ्यांची गोष्ट लिहिली, १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला, तिथं तर वानरांनासुद्धा एकेकाची ओळख आहे, नाव आहे.

नोबेल मिळालेल्या माणसाशी आमच्या माणदेशी लेखकाची झुंज लावायची नाही मला. हेमिंग्वे परक्या मुलखात दोन-अडीच महिने होता, भाषा येत नव्हती, हातवाऱ्यांवर काम. माडगूळकर त्याच मातीतले. धर्माशी त्याच्या बोलीत बोलणारे. पण साधनं नव्हती म्हणून एकाला नाव विचारता आलं नाही, हे मला पटत नाही. नाव विचारायला भाषा लागत नाही. छातीवर हात ठेवून आपलं सांगायचं, समोरचा त्याचं सांगतो. आमच्या ओट्यावर तर सगळे मराठीच बोलत होते.

मारुती चितमपल्लींचं लिखाणही याच कारणानं मला जवळचं वाटतं. वनखात्यात अधिकारी असूनही पाखराचं, झाडाचं ज्ञान आपल्याला गोंडांनी, पारध्यांनी, जंगलातल्या लोकांनी दिलं, असं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. २००६ ला सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा मला वाटलं होतं, माग काढणाऱ्यांचीही थोडी आठवण मांडवात निघाली असेल.

आता माळावर काळवीट नाही, आणि उसात बिबट्या आहे. नगर, नाशिक, पुणे, तिन्ही जिल्ह्यांत बिबट्यानं माणसं मारलीत, त्यात लहान पोरं आहेत. रात्री मोटार चालू करायला जाताना गडी घुंगरांची काठी आपटत जातात. ऊस म्हणजे बिबट्याला घरच. पाणी आहे, आडोसा आहे, वस्तीवर कुत्री आहेत. मागच्या हिवाळ्यात आमच्या वस्तीजवळ दोन शेळ्या गेल्या आणि वनखात्याची माणसं पिंजरा घेऊन आली. ड्रोन उडवला, कॅमेरे लावले. पिंजरा कुठं ठेवायचा यावर वाद चालला होता. त्यांच्याबरोबर रोजंदारीवर आलेला एक पन्नाशीचा माणूस गप्प उभा होता. तो सरीत उतरला, खाली बसला, चिखलाकडं बघत म्हणाला, “मादी हाये. पिलू संगं हाये. पाटाच्या कडंनं येती, पिंजरा तिकडं पायजे.” बसण्याची ती तऱ्हा मी ओळखली. चहाच्या वेळी विचारलं. पाझर तलावापलीकडच्या त्या पारध्याचा तो नातू निघाला.

आम्ही दोघं ओट्यावर बसलो. मी त्याला सांगितलं की मी जुन्या आठवणी लिहितोय, तुमच्या आजोबांबद्दलही लिहिणार आहे, त्यांचं नाव काय होतं? त्यानं सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं, दोनदा वाचून दाखवलं, त्यानं एक अक्षर दुरुस्त केलं. मग उठता उठता म्हणाला, “काका, पण ते छापू नका. आमचं नाव कागदावर आलं का पोलीसच येत्यात.” मी म्हटलं, आता तसं राहिलं नाही. तो हसला, काही बोलला नाही. नाव माझ्या वहीत आहे, इथं घातलेलं नाही.

मग तो पिंजऱ्याकडं गेला, वाकून आत बघितलं आणि माणसांना म्हणाला, “शेळी थोडी आत बांधा. जाळीतनं पंजा पोचतोय तिला.”